लेकराची भाषा मोजताना



लहान लेकराला किती भाषा येते, हे कसं मोजायचं? प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा वाटतो. मी तर बी.ए.पर्यंत मराठी शिकलेला आणि पुढं कविता करत राहिलेला माणूस. पण दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न आमच्या घरात शिरला आणि काही महिने तिथंच मुक्काम करून राहिला. म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचं ठरवलंय.

माझा नातू, मुलीचा मुलगा, तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला, त्यामुळं दिवसभर तो आमच्याकडं. सकाळपासून नानीच्या मागंमागं. नानीशी दखनी बोलायचा, शेजारच्या मुलीशी खेळताना मराठी बोलायचा आणि टीव्हीवरची इंग्रजी गाणी त्याच्या पद्धतीनं म्हणायचा. तोंड म्हणून बंद नसायचं. आम्हीच कधीकधी म्हणायचो, बाबा, जरा गप बस.

त्याला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. असं पुष्कळ ठिकाणी होतं. प्रवेशाआधी मुलाशी दहा मिनिटं ‘इंटरॅक्शन’ असतं, म्हणून मुलीसोबत मीही गेलो. मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. त्यांनी चित्रांची कार्डं काढली. पहिलं छत्रीचं. ‘व्हॉट इज धिस?’ नातू म्हणाला, ‘छत्री.’ मॅडम थांबल्या. त्याला वाटलं, आपण सांगितलेलं कमी पडलं. म्हणून त्यानं पुढं जोडलं, ‘अम्मी के पास लाल वाली है. बारिश में उलटी हो गई थी.’ मॅडमनी दुसरं कार्ड काढलं. गाय. तो ‘गाय’ म्हणाला. तिसऱ्या कार्डापासून मात्र तो बोलायचा बंद झाला. मुलं हुशार असतात. आपलं उत्तर समोरच्याला नको आहे, हे त्यांना लगेच कळतं.

कागदावर शेरा आला: भाषा कच्ची, शब्दसंग्रह कमी. स्पीच थेरपिस्टला दाखवून घ्या, असंही सुचवलं. प्रवेश मिळाला नाही.

त्या रात्री मुलीनं जाहीर केलं की उद्यापासून घरात बाळाशी फक्त इंग्रजी बोलायचं. आपल्या आईकडं बघून म्हणाली, ‘अम्मी, तुम अब उससे ज़्यादा बात नक्को करो. उसकी ज़बान पक्की नहीं हो रही.’ माझी बायको उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजी येत नाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं नातवाला जेवू घातलं, आंघोळ घातली, झोपवलं, पण सगळं मुक्यानं. दुपारच्या गोष्टी बंद झाल्या. आणि मी, भाषेवर कविता लिहिणारा माणूस, बाजारात जाऊन इंग्रजी चित्रांची कार्डं घेऊन आलो. हे सांगताना मला आजही लाज वाटते.

दीड महिन्यात नातवाचं इंग्रजी दहाबारा शब्दांनी वाढलं. आणि त्याचं बोलणं निम्म्यावर आलं.

तेव्हा मी विचार करायला लागलो की त्या दहा मिनिटांत नेमकं मोजलं तरी काय? छत्रीला इंग्रजीत काय म्हणतात, एवढंच. पण त्या मुलानं काय काय केलं होतं बघा. वस्तू ओळखली. तिचं नाव सांगितलं. समोरच्याला पुरेसं वाटलं नाही हे ताडून माहिती वाढवली. मालकी सांगितली, रंग सांगितला, घडून गेलेली गोष्ट भूतकाळात सांगितली आणि कारणासकट सांगितली. साडेतीन वर्षांच्या मुलासाठी ही भाषेची मोठी कमाई आहे. फक्त ती त्या रकान्यात बसणारी नव्हती.

इंग्रजी घरांतल्या मुलांची भाषा कशी जोखतात, हे मी शोधायला लागलो. तेव्हा १९५८ सालचा एक प्रयोग हाती लागला. अमेरिकेत जीन बर्को नावाच्या तरुण संशोधक बाईंनी तो केला. त्यांनी पक्ष्यासारखा दिसणारा एक काल्पनिक प्राणी कागदावर काढला आणि चार ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, हा एक ‘वग’ आहे. मग तसेच दोन दाखवले आणि म्हटलं, आता हे दोन... आणि वाक्य अर्धंच सोडलं. मुलं म्हणाली, ‘वग्ज.’ आता ‘वग’ हा शब्दच जगात नव्हता. कुणी तो मुलांना शिकवला असण्याची शक्यता नव्हती. म्हणजे अनेकवचनाचा नियम मुलांच्या डोक्यात आधीच तयार झालेला होता. सगळीच उत्तरं बरोबर आली नाहीत. काही अवघड शेवटांच्या शब्दांना इंग्रजी मुलंही अडखळली. पण कोणता नियम आधी पक्का होतो आणि कोणता नंतर, हे त्या अडखळण्यातूनच कळलं. या चाचणीत पाठांतराला जागा नव्हती.

मी तोच प्रयोग घरी केला. वहीच्या पानावर एक वेडावाकडा प्राणी काढला. चित्रकला माझी बेताचीच, त्यामुळं काल्पनिक प्राणी काढायला अडचण आली नाही. नातवाला म्हटलं, ‘ये एक वग है. अब दूसरा आया. अब कितने हुए?’ तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, ‘दो वगां.’ शेजारची पाच वर्षांची मुलगी तिथंच होती. तिला मराठीत विचारलं. ती म्हणाली, ‘दोन वग.’

आता निकाल काय लावायचा? इंग्रजीच्या कागदावर दोघंही नापास. पण दखनीत किताबचं किताबां होतं, बातचं बातां होतं, तसं वगचं वगां झालं. नातवाचं व्याकरण पक्कं. मराठीत एक हात, दोन हात. एक दगड, दोन दगड. तसं एक वग, दोन वग. तिचंही व्याकरण पक्कं. एकच चित्र, तीन भाषा, तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर. चूक कुठं असेल तर एकाच भाषेची पट्टी घेऊन तिघांना मोजायला बसण्यात.

श्रोतेहो, आपल्या या शहराला, मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. फक्त पट्टी बदलत आली आहे. निजामाच्या राज्यात माध्यमिक शाळेचं माध्यम बहुतांशी उर्दू होतं. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं, तेही उर्दू माध्यमाचं. घरी मराठी बोलणाऱ्या हजारो पोरांना गणित, भूगोल, इतिहास उर्दूतून शिकावा लागला आणि परीक्षाही उर्दूतून द्यावी लागली. त्यातली कितीतरी हुशार पोरं तेव्हा ‘कच्ची’ ठरली असतील. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला, पुढं मराठी शाळा वाढल्या. मग उर्दू बोलणाऱ्या घरातल्या लेकरांची पाळी आली. २०००पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि आता मराठीवाले, उर्दूवाले सगळे मिळून इंग्रजीच्या पट्टीखाली उभे आहेत. ज्यांच्या आजोबांनी हे सोसलं, त्यांना तरी हे दुःख समजावून सांगावं लागू नये.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. पहिलीत गुरुजींनी विचारलं होतं, पाणी कुठून आणता रे? मी म्हणालो, ‘बावडीमेंसे.’ पोरं हसली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर विहिरीचं चित्र काढलं, खाली ‘विहीर’ लिहिलं, शेजारी ‘बावडी’ लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून दोन्ही शब्द म्हणवून घेतले. त्या दिवशी माझा एक शब्द वाढला आणि बाकी वर्गाचाही एक वाढला. गुरुजींनी माझी परीक्षा घेतली नाही असं नाही. घेतली. पण मला काय येतं, हे आधी पाहिलं आणि काय येत नाही, हे त्यानंतर. पुढं मी मराठीत कविता लिहायला लागलो, त्याचं मूळ मला त्या फळ्यावर दिसतं.

चाचणी ही वाईट गोष्ट आहे, असं मला म्हणायचं नाही. तिचा जन्म चांगल्या हेतूनं झाला. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलाला जास्तीची मदत लागेल हे शोधण्यासाठी. तीच चाचणी आपल्याकडं आणताना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्यानं बांधली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झालं. म्हणजे पॅरिसच्या पोराला विचारलेला प्रश्न इथल्या पोराला तसाच्या तसा विचारून चालत नाही, हे ऐंशीपेक्षा जास्त वर्षांपूर्वी आपल्या माणसांना समजलं होतं.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच प्रत्यक्ष जगून दाखवलं. १९४५ला बोर्डीत आणि पुढं १९५७पासून कोसबाडला. मुलं बालवाडीत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडी उभी राहिली. मूल बोलत नसेल, तर ते जिथं बोलतं तिथं आपण जायचं, इतकं साधं ते शहाणपण आहे.

आजच्या काळातलं उदाहरण सांगतो. ‘प्रथम’ ही संस्था २००५पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन एकेका मुलाला वाचायला देतात. परिच्छेद वाचता आला तर गोष्ट, नाही आला तर शब्द, तेही जमलं नाही तर अक्षरं. वाचनाची भाषा निवडायची मुभा मुलाला असते. परीक्षा घरात होते आणि तिच्यामुळं कुणाला दार बंद होत नाही. मूल कोणत्या पायरीवर उभं आहे, एवढं कळतं, म्हणजे पुढची पायरी कोणती हे शिक्षकाला कळतं. जुलै २०२१मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. त्यातला ‘साठ’ हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. ‘समजून’ हा शब्द लक्षात ठेवायला हवा.

आणि कायदा काय म्हणतो? १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीनं सांगितलं होतं की बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा आणि मुलाखती बंद करा. २००९चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढं प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण या कायद्याचा मुख्य भर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर. तीनचार वर्षांची लेकरं त्याच्या हातातून निसटतात आणि मुलाखतीचं नाव बदलून ‘इंटरॅक्शन’ होतं.

आता आईबापांसाठी दोन शब्द. दोनतीन भाषांच्या घरात वाढणाऱ्या मुलाचे शब्द एकाच भाषेत मोजले, तर ते कमीच भरणार. सगळ्या भाषांतले मिळून मोजा. नवी भाषा बोलणाऱ्या वर्गात गेल्यावर मूल काही आठवडे, कधीकधी काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. त्या गप्प राहण्याला घाबरू नका. त्यापेक्षा घरी काय चाललंय ते बघा. ‘आत जा, माझा चष्मा घे आणि नानीला दे,’ एवढं सांगितलेलं त्याला कळतं का? काल काय झालं ते क्रमानं सांगता येतं का? प्रश्न विचारतं का? खोटंखोटं घरघर खेळतं का? चौथ्या वर्षापर्यंत परक्या माणसाला त्याचं बरंचसं बोलणं समजतं का? हे कोणत्याही एका भाषेत होत असेल, तर लेकराची भाषा ठीक चालली आहे.

पण हेही तितक्याच जोरानं सांगतो. दोन वर्षं पूर्ण झाली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारली तरी वळून बघत नसेल, आधी येणारे शब्द हरवत असतील, कोणत्याच भाषेत अडखळण्यावाचून पुढं जात नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून बसू नका. भाषेची खरी अडचण असेल, तर ती मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. सर्वांत आधी कान तपासून घ्या. आपल्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते, तिथं सांगा. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून वाचा आणि श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. तिला अली यावर जंग यांचं नाव आहे. हैदराबादचा हा माणूस उस्मानिया विद्यापीठाचा कुलगुरू होता आणि पुढं महाराष्ट्राचा राज्यपाल झाला. स्पीच थेरपिस्टकडं जाण्यात कमीपणा काहीच नाही.

आम्हीही गेलो. त्या बाईंनी नातवाचे कान तपासायला लावले, ते उत्तम निघाले. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘घरी याच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?’ मुलगी म्हणाली, ‘आधी आई बोलायची. आता आम्ही बंद केलंय.’ बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘आजच्या आज सुरू करा. इंग्रजी ते शाळेत शिकेल. पण बोलायचं कसं, हे ते आजीकडून शिकत होतं.’

घरी येऊन मुलीनं आईला सांगितलं, ‘अम्मी, तुम बात करो उससे.’ बायको म्हणाली, ‘मैं तो करतीच थी.’

या ‘करतीच’मधला ‘च’ ऐकलात ना? दखनीनं तो मराठीकडून घेतला आहे. ‘नक्को’ही मराठीच्या ‘नको’मधून आला. वली आणि सिराज औरंगाबादी यांची ही भूमी. इथं या भाषा शेकडो वर्षं एकाच पाणवठ्यावर पाणी भरत आल्या. मराठीला दखनीनं शब्द दिले आणि मराठीनं दखनीला हा ठसकेबाज ‘च’ दिला. त्या देवघेवीआधी कुणी कुणाची मुलाखत घेतली नव्हती.

नातू आता दुसऱ्या शाळेत आहे. तीही इंग्रजी शाळाच आहे. इंग्रजीशी माझं भांडण नाही. ती त्याला यायलाच हवी आणि ती येतेही आहे. या शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता: घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा. जागा एका भाषेपुरतीच होती. मुलीनं अक्षर बारीक करून तिथं तीन लिहिल्या. वर्गातल्या बाईंनी पहिल्या आठवड्यातच त्याला विचारलं की छत्रीला तुझ्या घरी काय म्हणतात. त्यानं सांगितलं. मग लाल छत्रीची, ती उलटी झाल्याची सगळी हकिकत सांगितली. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली.

प्रवेशाच्या टेबलापलीकडं बसणाऱ्या माझ्या शिक्षक भावाबहिणींना एवढीच विनंती आहे. लेकरानं तुमच्या भाषेत उत्तर दिलं नाही, तर दुसरं कार्ड काढण्याआधी थोडं थांबा. ते पुढं काय सांगतंय, ते ऐका. आणि घरातल्या नाना-नानींना, आजी-आजोबांना सांगणं आहे की तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तर जी भाषा येते तिच्यात बोलत राहा. गोष्टी बंद करू नका.

आमच्या घरी त्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. कार्डांचा डबा माळ्यावर आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)